पुरून उरतंय

महानंदाला कुणी नुसतं विचारायची खोटी, "काय गं, भागतंय का पगारात?" की ही बया समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. "भागतंय म्हंजे? पुरून उरतंय की!" असं म्हणायची आणि मोठ्यांदा हसायची. मग पुढचं ठरलेलं, "मला एकटीला काय लागतंय?" विचारणारा आपल्या कामाला लागायचा.

खरं सांगायचं तर पुरत नव्हतं. उरायचं तर नावच काढू नका. पण हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ज्या एका दिवशी सांगायलाच हवं होतं, त्या दिवशी तर मुळीच सांगितलं नाही. त्या एका दिवसाचं ती अजून भरतेय.

मूळची ती गडहिंग्लजची. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. आई ती अव्वा, बाप तो अप्पा, थोरली बहीण ती अक्का. अप्पांचं, म्हणजे रुद्राप्पांचं, बाजारपेठेत भुसाराचं लहानसं दुकान होतं. दुकानामागं राहायच्या दोन खोल्या, आणि त्यांच्याही मागं परसात एक सुटी खोली. महानंदा थोरली, शिवकुमार धाकटा. हिला दोन स्थळं आली, दोन्ही कुठं ना कुठं अडली. तेवढ्यात अप्पांना पहिला झटका आला. "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणता म्हणता पोरगी सत्तावीसची झाली, आणि पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. अप्पांच्या औषधपाण्याला पैसा हवा होता. ओळखीच्या एकानं कोल्हापुरात महाद्वार रोडला एका साड्यांच्या दुकानात शब्द टाकला, आणि महानंदा एक ट्रंक घेऊन एसटीत बसली. दोन वर्षं काढू आणि परत येऊ, असं तेव्हा सगळे म्हणत होते. त्याला आता बावीस वर्षं झाली.

दुकानात ती गादीवर बसायची. पांढऱ्या चादरीवर मांडी घालायची, गिऱ्हाइकापुढं साडी उलगडायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, आणि "दुसरी बघू" म्हणालं की कपाळाला आठी न घालता परत घडी घालायची. लग्नसराईत बस्ता बांधायला गावाकडनं जीप भरून माणसं येत. नवरीला मोरपंखी हवा, सासूला लाल हवा, आणि पैसे मोजणाऱ्या मामाला लवकर घरी जायचं. या तिघांना एका साडीवर आणायचं म्हणजे खायचं काम नव्हे. महानंदा ते हसत हसत करायची. सासूला म्हणायची, "मावशी, लाल तुमी नेसा की, अजून काय वय झालंय तुमचं?" सासू लाजायची, नवरीला मोरपंखी मिळायचा, आणि मालकाच्या दोन साड्या खपायच्या. कापडाला नुसतं बोट लावून ती किंमत सांगायची. पन्नास-शंभराच्या वर कधी चुकली नाही.

एवढं असून पगार किती? साडेचौदा हजार. तोही आत्ता, बावीस वर्षांनी. थोरले मालक माणूस भला, पण दिवाळीनंतर पगार वाढवायची वेळ आली की पोराबाळांच्या माणसाला पाचशे वाढवत आणि हिला दोनशे. "तुझं काय बाई, तू सुटी. एकट्या जिवाला काय लागतंय?" असं म्हणत. ते त्यांना शिकवलं कुणी? हिनंच. मालकांच्या तोंडून आपलं वाक्य ऐकलं की ती मान हलवायची आणि दोनशेवर खूश असल्यासारखी बाहेर यायची.

आता एकट्या माणसाला काय लागतं, ते जरा ऐका. एकट्या माणसाला खोली अर्ध्या भाड्यात मिळत नाही. गॅसची टाकी अर्ध्या किमतीत येत नाही. एकटी म्हणून विजेचा मीटर हळू फिरत नाही. ताप आला तर डॉक्टर एकटीला सूट देत नाही, उलट रिक्षा करावी लागते, कारण हाताला धरून न्यायला कुणी नसतं. घरात चार माणसं असली की एकाचं कमी पडलं तर दुसऱ्याचं असतं. एकट्याचं कमी पडलं की कमीच. आणि मजा म्हणजे, हे न कळणारी माणसं सगळी संसारी.

मंगळवार पेठेत एका घराच्या माडीवर महानंदाची खोली होती. तिचे साडेपाच हजार, लाइट बिल वेगळं. गॅस, किराणा, भाजी, मोबाइलचं रिचार्ज, रक्तदाबाची गोळी, आणि अलीकडं गुडघ्याचं मलम. वीस तारखेनंतर ती चहा सोडायची. दुकानातल्या पोरी विचारायच्या, तर म्हणायची, "पित्त झालंय गं." महिन्याच्या महिन्याला पित्त! पण दिवाळीला माहेरी जाताना अव्वाला साडी, भावजयीला साडी, भाची भूमिकाला ड्रेस, हे कधी चुकलं नाही. त्याचे पैसे दुकानात शिमग्यापर्यंत पगारातनं कापून घेत. गडहिंग्लजच्या गल्लीत बायका त्या साड्यांचे काठ बघून म्हणायच्या, "महानंदाचं बरं चाललंय." महानंदाला ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं का बोला, लई बरं वाटायचं.

आता तो दिवस. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. अप्पांना जाऊन वर्ष झालं होतं, पहिली पुण्यतिथी होती. स्वामींची पूजा झाली, पंगती उठल्या. दुकानापुढं सतरंजीवर तीस-एक माणसं सुपारी कातरत बसली होती. गल्लीतले शेजारी होते, शिवकुमारच्या सासरचे पाहुणे होते, आणि मधोमध संकेश्वरचे बसाप्पा मामा. मामा म्हणजे अव्वाचे धाकटे भाऊ, आडदांड आवाजाचे. अप्पा गेल्यावर घरातलं बरंवाईट तेच बघत होते. महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तसे मामा म्हणाले, "महानंदा, हिकडं ये. एक इचारायचं हाय. कोल्हापुरात तुझं भागतंय का?"

पर्समध्ये त्या दिवशी तीनशे चाळीस रुपये होते आणि पगाराला अकरा दिवस. हे फक्त तिला ठाऊक. तीस माणसांनी माना वळवल्या. शिवकुमारची सासू तिच्या अंगावरच्या साडीकडं बघत होती. एवढ्या माणसांत बापाच्या पुण्यतिथीला उभं राहून "न्हाय भागत" म्हणायचं? आपल्याकडच्या माणसाच्या तोंडातनं ते येत नाही. पोटात काही नसलं तरी आपण ढेकर देऊन दाखवतो.

"भागतंय म्हंजे? पुरून उरतंय की मामा!"

मामा हसले नाहीत. तिच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "नीट इचार करून सांग. लाजू नगंस. मी काय उगंच इचारत न्हाय."

दोनदा विचारलं माणसानं. दोनदा! आणि या शहाणीनं काय म्हणावं? "मामा, मला एकटीला काय लागतंय? तुमास्नीच काय कमी पडत असंल तर सांगा, देतो चार पैसे!" तिकडच्या बायका 'देते' म्हणत नाहीत, 'देतो'च म्हणतात, आणि महानंदा म्हणाली तेही गडीमाणसाच्या तोऱ्यात. सतरंजीवर हशा पिकला. शिवकुमारची सासूसुद्धा हसली. मामाही मग हसले, सुपारी तोंडात टाकली आणि पावसापाण्याचं बोलायला लागले.

महिन्याभरानं शिवकुमारचा फोन आला. "अक्का, दुकान वाढवायचं म्हणतोय. बँक कर्ज द्यायला तयार हाय, पण जागा माझ्या एकट्याच्या नावावर पायजे म्हणतीया. अव्वा सही करत्या. तू बी हक्कसोड करून दिलास तर..." पुढं तो अडखळला. पोरगं काही लबाड नव्हतं. बहिणीनं भावाला हक्कसोड करून द्यायचं, भावानं तिला साडीचोळी करायची आणि जन्मभर माहेरपण सांभाळायचं, ही आपल्याकडची रीत. लग्न झालेल्या बहिणींची रीत, पण हे कुणी बोललं नाही. सासर असलेली बाई माहेरचं सोडते. हिला दुसरं घर होतं कुठं?

महानंदालाही तो प्रश्न पडला होता. पण तीस माणसांत "पुरून उरतंय" म्हणालेली बाई, महिन्याभरात वाटा कुठल्या तोंडानं मागणार? निबंधकाच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, "राजीखुशीनं देताय न्हवं?" हिनं मान हलवली, सही केली, अंगठा उठवला. बाहेर आल्यावर शिवकुमारनं पिशवीतनं साडी काढून तिच्या हातात दिली, डोळ्यात पाणी आणून वाकून पाया पडला. महानंदानं कापडाला बोट लावलं. नऊशेचा माल होता, चिठ्ठीवर दोन हजार; भावाला कुणीतरी तेवढ्याला घातला होता. येड्याला फसवलं, असं वाटून तिचा जीव कळवळला. "लई भारी हाय रे," ती म्हणाली.

तिथनं पुढं सात वर्षं तशीच गेली. मग गेल्या वर्षी दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या.

थोरले मालक थकले आणि त्यांचा पोरगा ऋतुराज दुकानात बसायला लागला. पोरगं चुणचुणीत, बोलायला गोड. पहिल्या झटक्यात त्यानं गादी काढली. काचेची कपाटं केली, लांबलचक काउंटर केला, एसी बसवला. "मावशी, आता जमाना बदलला. लोकांना उभ्यानं बघायला आवडतंय," म्हणाला. लोकांना आवडत असेल, पण त्यांना दाखवणाऱ्या बाईनं दिवसाचे दहा तास उभं राहायचं त्याचं काय? महानंदाचे गुडघे महिन्याभरात बोलायला लागले. रात्री जिना चढताना ती एकेका पायरीला दम खायची.

आणि गणपतीच्या तोंडावर घरमालकीण माडीवर आली. बाई चांगली, चौदा वर्षांचा घरोबा. पोराचं लग्न ठरलं होतं, माडीवर त्याचा संसार मांडायचा होता. "महिना-दीड महिन्यात बघा की कुठंतरी. तुमाला काय, एकटीला कुटं बी खोली मिळंल," ती म्हणाली. महानंदानं रविवारी रविवारी हिंडून खोल्या बघितल्या. सात हजार, साडेसात हजार, आणि वर तीस हजार डिपॉझिट. एका ठिकाणी तर दारातच विचारलं, "मिस्टर कुठायत?" मिस्टर नाहीत म्हटल्यावर खोलीच नाही म्हणाले. आणखी एका ठिकाणी कॉलेजच्या पोरींच्यात एक कॉट मिळत होती. चौघींत एक न्हाणी, आणि स्वयंपाक करायचा नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आणि एक कॉट!

तेव्हा तिला परसातली खोली आठवली. दहा बाय बाराची, कौलारू, पुढं एक तुळस. गडहिंग्लजला आता साड्यांची चार मोठी दुकानं झाली होती. आपल्यासारखा हात तिथं कुणाचा असणार? आठ-नऊ हजार दिले तरी चालतील. भाडं नाही म्हटल्यावर तेवढ्यात होईल. अव्वाचं शेवटचं करायला मिळेल. हा विचार डोक्यात आला आणि तिला एवढं हलकं वाटलं की त्या दिवशी तिनं सत्तावीस तारखेला चहा प्याला. फक्त एवढंच करायचं होतं, की भावापुढं उभं राहून म्हणायचं, शिवकुमार, मला ती खोली दे, माझं भागत नाही. एसटीत बसल्यापासून ती हे वाक्य मनात म्हणत होती. निपाणी गेली, संकेश्वर गेलं, वाक्य पाठ झालं.

दुकान आता चांगलं ऐसपैस झालं होतं, पण शिवकुमारच्या तोंडावर तेज नव्हतं. नाक्यावर दोन मोठे मॉल उघडले होते, गिऱ्हाईक तिकडं वळलं होतं, आणि कर्जाचे हप्ते अजून पाच वर्षांचे राहिले होते. त्यानं अक्काला बघून चहा मागवला, तिची पिशवी घेतली. महानंदा चहा ठेवून सरळ मागं परसात गेली. परस नव्हतंच. पत्र्याचं गोडाऊन होतं, त्यात तांदळाची पोती थप्पीनं लावलेली.

"हितली खोली?"

"ती उन्हाळ्यात पाडली की अक्का. भिंत खचलती, मग पत्रा मारून गोडाऊन केलं." शिवकुमार मागं येऊन उभा राहिला होता. "का गं?"

"न्हाय, म्हटलं... म्हातारपणी कधी ऱ्हायला आलो तर..."

शिवकुमार हसायला लागला. "थट्टा करतीस व्हय? कोल्हापूर सोडून तू हितं कशाला येतीयास? आणि अगं, खोली तर तुझीच हुती."

"माझी?"

"अप्पांनी मामाला सांगून ठेवलतं. महानंदाला इचारा, तिचं भागतंय का. न्हाय म्हणाली तर परसातली खोली तिच्या नावावर करायची, आणि भागतंय म्हणाली तर शिवकुमारच्या धंद्याला ऱ्हावू दे. म्हणून तर मामांनी पुण्यतिथीला चारचौघांत इचारलं तुला. दोनदा इचारलं की! तू कसली ऐकतीयास, मामालाच चार पैसे द्यायला निघालीस." त्याला ते आठवून अजून हसू येत होतं. "मी सगळ्यास्नी सांगतो, माझी अक्का म्हंजे राणी हाय."

महानंदानं एका पोत्यावर हात टेकला. अप्पांना कळलं होतं. अंथरुणावर पडलेल्या, अर्ध्या अंगानं गेलेल्या त्या माणसाला आपल्या पोरीचं कळलं होतं, आणि पोरीनं मागावं न लागता द्यायची सोय त्यानं करून ठेवली होती. तिनं फक्त "न्हाय" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पाठ करून आणलेलं वाक्य अजूनही म्हणता आलं असतं. शिवकुमार समोर होता, मायेचा होता. पण ती पोती कुणाची, तो पत्रा कुणाचा? सगळं बँकेकडं गहाण. आता सांगून भावाच्या जिवाला घोर लावायचा तेवढा उरला होता.

"मी आपलं सहज इचारलं रे," ती म्हणाली आणि आत जेवायला बसली.

दुपारच्या गाडीला पोचवायला अव्वा आली. पंचाहत्तरीची बाई, कंबरेत वाकलेली, पण ऐकेचना. स्टँडवर बाकावर दोघी बसल्या. कोल्हापूर गाडी लागायला वेळ होता. अव्वानं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं बघतच म्हणाली, "खोली मागायला आलतीस न्हवं?"

"न्हाय गं. सहज आलो."

"सहज तू दिवाळीशिवाय कवा आलीस?" म्हातारी तिच्याकडं वळली. मग म्हणाली, "पुण्यतिथीच्या दिवशी, मामाला बोलून झाल्यावर तू आत आलीस. म्या सैपाकघराच्या दारात हुतो. जोंधळ्याच्या पिठाचा डबा उघडून तू पिशवीत पीठ भरत हुतीस. दोनदा मागं वळून बघितलंस. मी दाराआड झालो."

खरं होतं. तीस माणसांना हसवून झाल्यावर तिनं आईच्या डब्यातनं अडीच-तीन किलो पीठ चोरलं होतं, साडीत गुंडाळून पिशवीच्या तळाला घातलं होतं आणि त्यावर पगारापर्यंतचे अकरा दिवस काढले होते. सात वर्षांत ही गोष्ट तिनं स्वतःशीसुद्धा काढली नव्हती.

"मग बोलली का न्हाईस, अव्वा? मामा तवा भाईरच हुते की."

"हुता. तोंडावर आलतं माझ्या. बसाप्पा, ही खोटं बोलतीया, तिला खोली दे, एवढंच म्हणायचं हुतं." म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पण खोली काढून दिली असती तर शिवकुमारच्या कर्जाचं जमत नव्हतं. म्हटलं, पोरगी पुरतंय म्हणतीया, तर पुरत असंल. डोळ्यांनी बघितलं ते मी न बघितल्यागत केलं. तुझ्या अप्पांनी सांगितलेलं म्या मोडलं. सात वर्सं झोप न्हाय मला धड."

महानंदाला राग आला. असा राग आला की बाकावरनं उठून स्टँडभर ओरडावं. म्हातारीवर आला, मग तिथनं फिरून स्वतःवर आला. अव्वानं एकदा तोंड मिटलं होतं. हिनं सरळ मोठ्या आवाजात दोनदा खोटं सांगितलं होतं. कुणाला बोल लावायचा? तिच्या तोंडातनं आवाज निघाला तो तिच्या नेहमीच्या आवाजात, मोठा.

"न्हाय भागत मला, अव्वा. कधीच भागलं न्हाय. म्हैनाअखेरीला खोली सोडायची हाय आणि मला जायला जागा न्हाय."

पलीकडच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. त्यातली एक गल्लीतलीच होती. बघू दे, असं पहिल्यांदा महानंदाला वाटलं.

अव्वानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दाबून धरला. तिच्याजवळ आता द्यायला काही नव्हतं. घर पोराचं, सही केलेली. पेन्शन नाही, पाटल्या कधीच मोडलेल्या. ती हुंदके देत म्हणाली, "पीठ तरी मागून न्यायचंस की गं. आईच्या घरचं पीठ, चोरून का नेलंस? मी न्हाय म्हटलो असतो व्हय?"

"मला मागता आलं असतं अव्वा, तर खोलीच मागितली नसती का?"

गाडी लागली, माणसं दाराकडं धावली. महानंदा गुडघ्याला हात लावून उठली, बायकांच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे मुठीत धरून दारापाशी गर्दीत उभी राहिली. त्याच महिन्याच्या तीस तारखेला ती कॉलेजच्या पोरींच्यात, खिडकीखालच्या कॉटवर राहायला गेली.